पाहुणीच्या मुळाशी

“डोक्यावरून नको गं पाणी घालू पोरी. गुलाबाला लाज वाटते. पायाशी घाल, हळू घाल, आणि घालून झालं की तिथं उभी राहू नकोस. जेवताना कुणी तोंडाकडे बघत बसलं तर तुला आवडतं का?”

हा आवाज दिसेबोच्या बापाचा, मोकेतेचा. बावन्न वर्षं उलटली त्याला. तेव्हा ती नऊ वर्षांची होती आणि तिच्या हातात पत्र्याचा डबा होता. डब्याच्या बुडाला खिळ्यानं भोकं पाडून बापानंच केलेली ती झारी. पायरीवर बसून बूट चढवता चढवता तो हे सांगायचा आणि सायकलवर टांग टाकून ब्लूमफाँटेन शहरातल्या मोठ्या बागेत गुलाब सांभाळायला जायचा. त्या बागेतल्या बाकावर बसायची त्याच्यासारख्या काळ्या माणसाला तेव्हा परवानगी नव्हती. छाटणीची मात्र होती. जुलैच्या कडक थंडीत छाटलेल्या फांद्यांचा ढीग पेटवून द्यायचा हुकूम असायचा. ढीग पेटायच्या आधी मोकेते एकच काडी, वीतभर लांब, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळायचा, डब्यातल्या उरलेल्या मक्याच्या उकडीखाली दडवायचा आणि बाथो वस्तीतल्या आपल्या अंगणात आणून खोचायचा. खोचताना गुणगुणायचा:

काप लागली, रडू नको, काडी गं माझी काडी,
मातीच्या कुशीत निजवतो, ऊब तिथली गाढी.
दहिवर सरेल, ऊन येईल, फुटेल हिरवा डोळा,
दारी माझ्या नांदशील तू, लेवून लाल चोळा.

एका हिवाळ्याला एक काडी, एका काडीचं एक झाड. अकरा हिवाळ्यांत फाटकापासून दारापर्यंत अकरा झाडं उभी राहिली. दहा झाडांची नावं त्याला पाठ होती, बागेतल्या पत्र्याच्या पट्ट्यांवर वाचलेली. अकराव्या झाडाची पट्टी हरवली होती. ते नाव न सांगताच आलं, म्हणून तो त्याला ‘पाहुणी’ म्हणायचा. सायीच्या रंगाचं फूल, आणि पाकळीच्या कडेला एवढीशी गुलाबी.

आता जानेवारी होता, आणि अंगणात फक्त पाहुणी उरली होती.

पावसानं पाठ फिरवल्याला हे दुसरं वर्ष. ऑक्टोबरात ढग आले, वस्तीवर सावली धरून उभे राहिले आणि निघून गेले. नोव्हेंबरात तेच. डिसेंबरात तर ढगसुद्धा आले नाहीत, आलं ते नुसतं वारं. त्यानं लाल धूळ उचलून पत्र्यांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर, जेवणाच्या ताटात आणून टाकली. एकामागून एक दहा झाडं गेली. दिसेबोनं प्रत्येकाची फांदी नखानं खरवडून पाहिली. आत हिरवं आहे का हिरवं, म्हणत पार बुंध्यापर्यंत खरवडत गेली, आणि दर वेळी आत तपकिरी लाकूडच निघालं.

ती दहा झाडं रोपवाटिकेत विकत मिळाली असती; नावं ठाऊक होती. पाहुणी कुठेही मिळणार नव्हती. दोन वर्षांपूर्वी दिसेबो तिचं एक फूल ओल्या रुमालात घालून रोपवाटिकेत घेऊन गेली होती. तिथल्या मुलीनं फोनवर सात चित्रं दाखवली. सातही सुंदर होती, पण त्यांत पाहुणी नव्हती. म्हणजे ही गेली की गेली. जुलैपर्यंत ती तगली, तिच्या अंगावर चार निरोगी काड्या राहिल्या, तर त्या खोचता येतील. एक इथे, एक लेकीकडे जोहान्सबर्गला, दोन हाताशी. दिसेबोला देवाकडून जुलैपर्यंतचे सहा महिने हवे होते. जास्त काही मागत नव्हती ती.

नळाला पहाटे पाच ते सात पाणी यायचं. त्या दोन तासांत बादल्या, पातेली, टब, जुन्या रंगाचे डबे, सगळं भरून ठेवायचं. अंघोळ टबात बसून करायची. त्या पाण्यानं फरशी पुसायची. पुसलेलं पाणी फडक्यातून गाळून पाहुणीला. पालेभाजी धुतलेलं पाणी पाहुणीला. पाहुणीच्या दोन बाजूंना दोन लिटरच्या प्लास्टिकच्या बाटल्या उलट्या पुरलेल्या होत्या, बूड कापून, झाकणाला सुईचं भोक पाडून. बाटलीत ओतलं की थेंब थेंब मुळाशी जायचं, उन्हाच्या हाती लागायचं नाही. वर वाळल्या गवताची गादी. दुपारी जुनी चादर चार काठ्यांवर ताणून सावली. स्वतःच्या लेकराला गोवर झाला होता तेव्हाही दिसेबोनं एवढं केलं नव्हतं.

आणि तरीही पानं कडेनं करपत होती. आधी टोकं, मग कड, मग सगळं पान चुरगळून हातात यायचं. कोरडं म्हणावं तर बोट घातलं की माती ओली. कीड म्हणावी तर पानामागे काही नाही. बुरशी म्हणावी तर या धुळीत बुरशीला ओल कुठली? दिसेबो रोज सकाळी झाडापुढे बसायची, पान उलटून पाहायची, सुलटून पाहायची आणि झाडावरच चिडायची. “काय हवंय तुला? तोंडानं सांग ना.” मग इकडेतिकडे पाहायची, कुणी ऐकलं तर नाही ना.

सल्ल्यांना तोटा नव्हता. कुणी म्हणे शेळीचं लेंडीखत घाल, कुणी म्हणे अजिबात घालू नको, पेटेल. फोनवर लेक म्हणे, आई, नवीन झाड घे आणि सुखानं राहा, तुझं ब्लडप्रेशर बघ आधी. दिसेबोनं फोन ठेवला आणि ती पाहुणीपुढे जाऊन बसली.

नवरा, मोआलोसी, सल्ला देत नसे. रेल्वेत पस्तीस वर्षं सिग्नलच्या खोलीत एकट्यानं काढलेला माणूस. दिवसाला वीस शब्द खर्च केले की त्याला पुरायचे. तो बादल्या उचलून द्यायचा, चादर ताणायचा, तिच्या मागे उभा राहून झाडाकडे पाहायचा आणि आत जायचा. दिसेबोला त्या उभं राहण्याचाही राग यायचा. बोलत का नाही हा माणूस? निदान ‘वाईट वाटतं’ एवढं तरी म्हणावं.

त्या घरात देव एकच होता, पण त्याच्याकडे जायचे रस्ते दोन. दिसेबो गुरुवारी लाल ब्लाउज घालून बायकांच्या प्रार्थनेला जायची. मोआलोसी बुधवारी आणि रविवारी पांढरा झगा घालून एका गॅरेजमधल्या छोट्या चर्चला जायचा. तिथे ढोल वाजत, माणसं गोल फिरत, आणि परतताना प्रत्येकाला मंतरलेल्या पाण्याची बाटली मिळे, घरावर शिंपडायला. मागच्या हिवाळ्यात त्यानं ते उंबऱ्यावर शिंपडलं तर दिसेबोच्या लाल पॉलिश केलेल्या ओट्यावर पांढरे डाग पडले. नवऱ्याला ती मानानं ‘न्ताते’ म्हणायची. म्हणाली, न्ताते, तुमचा देव तुमच्याजवळ, पण माझ्या ओट्यावर नको. गुडघे टेकून घासते मी तो. त्यानं मान हलवली, आणि विषय तिथंच संपला. त्यानंतर ओट्यावर डाग पडले नाहीत.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात दिसेबोनं रांपाई म्हाताऱ्याला आणवलं. तिच्या बापाबरोबर बागेत काम केलेल्यांपैकी हाच एक जिवंत होता. चौऱ्याऐंशीचा, एका डोळ्यात मोतीबिंदू. टॅक्सीतून उतरायलाच त्याला पाव तास लागला. खुर्ची नको म्हणाला, चहा नंतर म्हणाला. सरळ पाहुणीपाशी गेला, एक हात जमिनीला टेकवून हळूच बसला, गवत बाजूला केलं आणि बोटभर माती उचलून जिभेवर ठेवली.

मग थुंकला.

“मोकेतेच्या पोरी,” तो म्हणाला, “हिला तहान लागलेली नाही. हिला कुणीतरी मीठ चारतंय.”

बाटल्यांच्या तोंडाशी मातीवर पांढरट पापुद्रा धरला होता. दिसेबोनं तो रोज पाहिला होता आणि साबणाचा म्हणून सोडून दिला होता. आता तिनंही जिभेला लावून पाहिला. समुद्र तिनं आयुष्यात एकदाच पाहिला होता, डर्बनला. तीच चव.

रांपाई म्हणाला, पाऊस असता तर मिठाला खाली घेऊन गेला असता. पाऊस नसेल तर चाळीस-पन्नास बादल्या गोडं पाणी एका दमात ओतायला हवं. तेही नसेल तर झाड उपटून, मुळं धुऊन, नव्या मातीत लावायचं. पण या उन्हात उपटलं तर निम्मी आशा सोडून द्यायची. आधी मीठ कुठून येतं ते शोध, नाहीतर धुऊन काय उपयोग? मग चहा प्याला, तीन चमचे साखर घालून, आणि गेला.

मीठ कुठून येतं? दिसेबो ओट्यावर बसली आणि अर्ध्या तासात तिला उत्तर सापडलं, कारण ते कुंपणापलीकडे दोरीवर वाळत होतं.

शेजारची सेबोलेलो. ऑगस्टमध्ये तिचा नवरा गेला. तेव्हापासून तिचा काळा पोशाख: काळा झगा, काळी शाल, काळं डोक्याचं फडकं. वर्षभर तेच अंगावर घालायचं, म्हणून आठवड्यातून दोनदा धुवायचं, आणि रंग उतरू नये म्हणून मिठाच्या पाण्यात भिजवायचं. हे कुठल्या बाईला ठाऊक नाही? सुतकातल्या बाईच्या हातचं पाणी वस्तीत कुणी घेत नव्हतं. त्या पाण्यात मरणाची धग असते म्हणतात. दिसेबोनं घेतलं होतं. सप्टेंबरपासून दर मंगळवारी आणि शनिवारी सेबोलेलो कुंपणावरून धुण्याच्या पाण्याची बादली पुढे करायची. दिसेबो ती दोन्ही हातांनी घ्यायची आणि दोघी तिथंच अर्धा तास गप्पा मारायच्या. सुतकातल्या बाईनं कुणाच्या घरी जायचं नसतं. तेवढा अर्धा तासच होता सेबोलेलोला माणसांचा.

दिसेबो उठली आणि कुंपणाशी गेली. काय बोलायचं ते तिनं ठरवलं नव्हतं. ठरवलं असतं तर बरं झालं असतं. तिनं हाक मारली, सेबोलेलो हात पुसत आली, हसत आली, आणि दिसेबोनं मिठाचं विचारलं.

सेबोलेलो म्हणाली, मीठ घालते, पण ते पहिल्या पाण्यात. ते पाणी मी गटारात टाकते. तुला देते ते साबणाचंसुद्धा नसतं, शेवटचं नुसतं खळबळलेलं. एवढी अक्कल आहे मला.

“मग माझ्या मुळाशी मीठ कुठून आलं? आभाळातून पडलं?”

“मला काय ठाऊक. तुझ्या घरात विचार.”

“माझ्या घरात काळे कपडे नाहीत,” दिसेबो म्हणाली. “लोक सांगत होते मला, घेऊ नको तिचं पाणी म्हणून. मीच शहाणी.”

बोलून गेली आणि शब्द हवेत तसेच लोंबकळत राहिले. दोरीवरचा काळा झगा ओलाच होता; तो सेबोलेलोनं ओढून काढला, छातीशी धरला आणि आत गेली. दार लावल्याचा आवाजही आला नाही, इतकं हळू लावलं.

ओट्यावर मोआलोसी उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. दिसेबोला वाटलं आता हा मला बोलेल. बोलला असता तर तिला भांडायला तरी कुणी मिळालं असतं. तो बादली उचलून मागच्या दारी गेला.

त्यानंतर मंगळवार आला, शनिवार आला. कुंपणावर बादली आली नाही. दिसेबोनंही हाक मारली नाही. सकाळी झाडापुढे बसताना ती कुंपणाकडे पाठ करून बसू लागली. मनात रोज एक भांडण चालायचं. त्यात सेबोलेलो काही ना काही बोलायची आणि दिसेबो तिला गप्प करायची; आणि दर वेळी गप्प झालेल्या सेबोलेलोच्या छातीशी तो ओला झगा असायचा. मग दिसेबो आणखी चिडायची. कुणावर, तेही तिला नीट सांगता आलं नसतं.

पहाटेच्या नळातून जमेल तेवढं गोडं पाणी ती पाहुणीला घालत होती. दोघांच्या अंघोळी एक दिवसाआड केल्या. भांडी राखेनं घासली. आता सेबोलेलोचं पाणी बंद झालंय, आता सुधारेल, असं तिनं स्वतःला बजावलं. तीन आठवडे गेले. पाहुणीच्या अंगावर सतरा पानं उरली. ती रोज मोजायची. मग बारा. एका गुरुवारी सकाळी तिनं गवत बाजूला केलं तर पापुद्रा होताच, पूर्वीपेक्षा जाड. जिभेला लावला. खारट.

प्रार्थनेला गेली तेव्हा तिला एक ओळ गाता आली नाही. बायका म्हणाल्या, काय गं, घसा बसला? ती हो म्हणाली. तिच्या डोक्यात एकच चाललं होतं: ही बाई कुंपणावरून मुद्दाम ओतते आहे. मी नसताना ओतते आहे. सूड घेते आहे. घरी येईपर्यंत ‘असेल’चं ‘आहेच’ झालं.

शनिवारी ती फावडं घेऊन उभी राहिली. म्हणाली, न्ताते, आजच उपटायची. जगली तर जगली. कुंपणापासून दूर, मागच्या पीचच्या झाडाखाली लावू, तिथे कुणाचा हात पोचणार नाही.

सकाळचे साडेसहा झाले होते, ऊन अजून कोवळं होतं. मोआलोसीनं भोवतीनं खणलं, फावड्याचं पातं पावलानं दाबत, हळू, जणू खाली कुणी निजलं आहे. दिसेबोनं बुंध्याला ओलं गोणपाट गुंडाळलं. दोघांनी मिळून झाड उचललं. बावन्न वर्षांचं झाड, आणि वजन एखाद्या कोंबडीएवढं. टबात आठवड्याचं पिण्याचं पाणी होतं, तिनं राखून ठेवलेलं. त्यात मुळं बुडवली तेव्हा पाणी लाल झालं. मोठी मुळं काळी पडली होती. पण एका बाजूला, दाराकडच्या, बोटभर लांबीची दोन-तीन पांढरी मुळं होती. दिसेबोनं ती बोटानं हळूच चाचपली.

“आहे,” ती म्हणाली. “जीव आहे अजून.” मग तिचा आवाज फिरला. “बघा, न्ताते. बघा काय केलं त्या बाईनं. माझ्या बापानं डब्यात दडवून आणलेली काडी. मी हे सोडणार नाही. उद्या चर्चबाहेर सगळ्या बायकांपुढे विचारणार आहे तिला. सुतक असो की काही असो. वर्षभर कुणी तिच्या दारात उभं राहणार नाही अशी सोय करते.”

मोआलोसी गुडघ्यांवर बसला होता, हात टबात, मुळांना धरून.

“मा-पुलाने,” तो म्हणाला; लेकीच्या नावावरून तिला नेहमी मारायचा तीच हाक. “तिनं नाही.”

“तुम्ही तिची बाजू घेऊ नका.”

“बाजू नाही घेत. मी घालत होतो.”

दिसेबोला कळलं नाही. तिला वाटलं तो पाण्याबद्दल बोलतोय. पाणी तर दोघंही घालत होते.

“चर्चचं पाणी,” तो म्हणाला. “त्यात जाडं मीठ असतं, राख असते. ओट्यावर नको म्हणालीस, तर मी ते त्या बाटल्यांत ओतत होतो. जुलैपासून, दर बुधवारी. झाड सुकायला लागलं तेव्हा रविवारीही. आणखी सुकलं तेव्हा मी त्यांच्याकडून जास्त मीठ घालून घेतलं. मला वाटलं, कमी पडतंय. रांपाई आला त्या दिवशी कळलं मला. आणि त्यानंतरही ओतलं मी, बंद करायची हिंमत झाली नाही. तू कुंपणाशी बोललीस ते ऐकलं, तेव्हा सांगायला हवं होतं.”

टबातलं पाणी हळूहळू निवळत होतं.

“का?” दिसेबो म्हणाली. “झाडावर कसली प्रार्थना, न्ताते? कशासाठी?”

मोआलोसीनं मुळं सोडली नाहीत. वर पाहिलं नाही. दिवसाचे वीस शब्द त्यानं केव्हाच ओलांडले होते, आणि आता तो थांबत नव्हता.

“जूनमध्ये तुझं डोकं फुटायला आलं, तुला दवाखान्यात नेलं. अकरा दिवस ठेवलं. डॉक्टर माझ्याशी इंग्रजीत बोलले, मी मान हलवली, मला काही कळलं नाही. चर्चमध्ये विचारलं तर तिथल्या एका म्हातारीनं सांगितलं, तुझ्या बायकोचा जीव दारातल्या झाडात आहे, ते राख. तू हसली असतीस, म्हणून बोललो नाही. दहा झाडं गेली तेव्हा मी रोज रात्री उठून तुझा श्वास ऐकत होतो. मीठ बाधतंय कळलं तरी वाटलं, ते पाणी थांबवलं आणि तुला काही झालं तर? मला गुलाबाचं काही नाही, मा-पुलाने, मी खोटं बोलणार नाही. मला फुलातलं काही समजत नाही. पण ते अकरा दिवस मी तुझ्या खुर्चीवर बसून जेवलो, माझ्या खुर्चीवरून तुझी रिकामी खुर्ची दिसायची म्हणून. ते मला पुन्हा नको होतं.”